मागच्या बाजूची खोली

लंडनमधल्या माझ्या पहिल्या रात्री एक बाई दर पंधरा-वीस मिनिटांनी मला सांगत होती, ही बस कितव्या नंबरची आहे आणि कुठे चालली आहे. आवाज अगदी गोड. शाळेत बक्षीस समारंभाचं निवेदन करणाऱ्या बाईंचा असतो तसा. बस थांबायची, दारं सुस्कारा टाकून उघडायची, बाई आपलं वाक्य म्हणायची, दारं मिटायची. माझी खोली तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूची. खिडकी आणि बस यांच्यामध्ये एक लोखंडी कठडा आणि एक फुटपाथ, बस्स. पहाटे तीनच्या सुमारास मी त्या बाईच्या आधी तिचं वाक्य म्हणू लागले होते.

हे हॉटेल मी घाईत निवडलं नव्हतं. ऑफिसनं पाठवलं होतं, पण हॉटेल ज्यानं त्यानं बुक करायचं आणि ठरलेल्या रकमेत बसवायचं, असा आमच्याकडे नियम. तीन रात्री मी नकाशा मांडून बसले होते. पॅडिंग्टन आणि बेजवॉटरच्या मधला भाग. हाइड पार्क चालत जाण्याच्या अंतरावर, विमानतळावरून थेट गाडी, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत: स्टेशनपासून दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांवर मी भाळले. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला घराबद्दल पहिला प्रश्न कोणता पडतो, तर स्टेशनपासून किती मिनिटं? स्वयंपाकघर, गॅलरी, पाण्याची वेळ हे सगळं नंतर. आमचं घर पश्चिमेला, रुळांपासून इतक्या जवळ की फास्ट गाडी गेली की मांडणीवरचे पेले एकमेकांशी बोलायचे. त्या आवाजात मी झोपले, अभ्यास केला, दहावीला बऱ्यापैकी मार्कही मिळवले. त्यामुळे ‘स्टेशनजवळ म्हणजे आवाज असेल’ हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

लंडनमध्ये मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. आपल्या घरचा आवाज कानात असतो, पण ऐकू येत नाही. परक्या गावात प्रत्येक आवाज दार वाजवून आत येतो आणि आपली ओळख करून देतो.

बसच्या जोडीला आणखी एक प्रकार होता, तो मला उशिरा उमगला. रात्री साडेबाराच्या आसपास तो थांबला आणि पहाटे पाचनंतर पुन्हा सुरू झाला. आवाज म्हणावा असा तो नव्हताच. उशाशी ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची, आणि पलंगाच्या पायांतून एक घरघर अंगात चढायची. खालून भुयारी गाडी जात होती. जगातली पहिली भुयारी रेल्वे याच भागातून निघाली, १८६३ साली, पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत. तेव्हा खोल बोगदा पोखरण्याचं तंत्र फारसं रुळलेलं नव्हतं. सरळ रस्ताच खणायचा, खंदकात रूळ टाकायचे, वर विटांची कमान घालायची आणि पुन्हा रस्ता करायचा. म्हणून लंडनच्या या जुन्या मार्गांवरच्या गाड्या जमिनीच्या अगदी वरच्या थरातून धावतात. पुढच्या काळातल्या पिकॅडिली, सेंट्रल वगैरे लाइनी खोल गेल्या. नकाशावर सगळ्या सारख्याच रेघा, फक्त रंग वेगळे. कुठली रेघ उशीखालून जाते आणि कुठली पाताळातून, हे नकाशा सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बाहेर पडले. झोप नाहीच, तर निदान चालावं. पांढऱ्या खांबांच्या, एकासारख्या एक घरांच्या रांगा, दर चार दारांमागे एक हॉटेल. लिन्स्टर गार्डन्स नावाच्या रस्त्यावर एक मजा दिसली. २३ आणि २४ नंबरची घरं. खांब तसेच, सज्जे तसेच, दारंही तशीच. पण दाराला पत्रपेटीची फट नाही, आणि खिडक्यांच्या जागी काच नसून करडा रंग फासलेला. मागच्या रस्त्याला वळसा घालून गेलं की खुलासा होतो: घरं नाहीतच. नुसती पुढची भिंत. पाठीमागे उघडा खड्डा आणि त्यात रूळ. वाफेच्या इंजिनांना बोगद्यातून मधूनमधून उघड्यावर येऊन धूर आणि वाफ सोडावी लागे. त्यासाठी १८६०च्या दशकात इथली दोन घरं पाडली आणि रांगेचा तोंडवळा बिघडू नये म्हणून खोट्या घरांचा मुखवटा उभा केला. आता वाफ गेली, विजेच्या गाड्या आल्या, मुखवटा तसाच आहे. त्याच्या दोन्ही अंगांना हॉटेलं आहेत. त्यातल्या पाहुण्यांना शेजारी कोण राहतं ते ठाऊक असेल का, हा विचार मला दिवसभर हसवत होता.

संध्याकाळी काउंटरवरच्या पोऱ्याला खोली बदलून मागितली. तो अवघडला. म्हणाला, ‘एक आहे मॅडम, तिसऱ्या मजल्यावर. पण ती मागच्या बाजूची. तिथून काही दिसत नाही.’ ‘काही दिसत नाही’ हे त्यानं अशा स्वरात सांगितलं की जणू खोलीला काही असाध्य आजार आहे. मी बॅग उचलली आणि जिने चढले.

दिसत होतं ते असं: विटांची भिंत, काळे पाइप, एका स्वयंपाकघराची खिडकी, आणि खाली दगडी फरसबंदीची एक अरुंद गल्ली. गल्लीत बुटकी दुमजली घरं, दारात कुंड्या, एक सायकल. लंडनमध्ये अशा गल्लीला म्यूज म्हणतात. पुढच्या रस्त्यावर धनिकांचे वाडे, तर मागच्या गल्लीत त्यांचे घोडे. खाली तबेला आणि बग्गी, वर मोतद्दाराचं बिऱ्हाड. घोडे गेले, मोटारी आल्या, आणि आज त्या तबेल्यांच्या किमती ऐकल्या तर मोतद्दाराला भोवळ येईल. पण गल्ली गल्लीच राहिली. बऱ्याच म्यूजना एकच तोंड असतं, आरपार वाहतूक नसते, दुकान नसतं, बस तर शिरूच शकत नाही. त्या रात्री मी नऊ तास झोपले. खिडकीतून काही न दिसण्याचे पैसे दिले असते तरी ते मला जास्त वाटले नसते.

तेव्हापासून परदेशात कुठेही गेले की मी मागची खोली मागते. आपल्या जुन्या घरांत पुढे ओटी आणि मागे परसू असायचं. ओटीवर येणारे-जाणारे, वसुलीवाले, पोस्टमन, पंचांग सांगणारे. परसात विहीर, केळीची चार झाडं, वाळत घातलेली लुगडी. ओटी जगासाठी होती आणि परसू घरच्यांसाठी. हॉटेलवाले ओटी विकतात: समोरची बाग, समोरचा चौक, समोरचा झगमगाट. परसाचं त्यांना काही वाटत नाही, उलट लाज वाटते. म्हणून ती खोली बहुधा थोडी स्वस्तही पडते.

पण मागची खोली मागायच्या आधी हॉटेल तर ठरलं पाहिजे. इथे मला वधू-वर सूचक मंडळाच्या जाहिराती वाचायचा अनुभव कामी आला. (ताईचं लग्न जमवताना दोन वर्षं त्या वाचल्या आहेत.) ‘घरंदाज’, ‘सुस्वरूप’, ‘मनमिळाऊ’ या शब्दांचे अर्थ शब्दकोशात मिळत नाहीत, ते अनुभवानं लावावे लागतात. हॉटेलांचंही तसंच. ‘चैतन्यानं सळसळणारा परिसर’ म्हणजे खाली दारूचा गुत्ता. ‘उबदार, आटोपशीर खोली’ म्हणजे बॅग उघडली की माणसानं पलंगावर चढायचं. ‘जुन्या काळाचं सौंदर्य जपलेली वास्तू’ म्हणजे लिफ्ट नाही, आणि वरच्या मजल्यावरचा माणूस रात्री पाणी प्यायला उठला की तुमच्या छतावर त्याची पावलं मोजता येतात. ‘दळणवळणाची उत्तम सोय’ याचा अर्थ तर मी भोगूनच आले होते. आणि जाहिरातीत ‘शांत’ असं कुठेच लिहिलेलं नसेल, तर ते विसरून राहिलेलं नसतं.

पाहुण्यांचे अभिप्राय मी वाचते, पण सगळे नाही. न्याहारीत अंडं थंड होतं, गालिचा जुना होता, असल्या तक्रारी सोडून देते. अभिप्रायांत शब्द शोधायची सोय असते, तिथे आवाज, खिडकी, जिना, लिफ्ट, ट्रेन, दार असे शब्द एकेक करून टाकते. ‘दार’ हा मुद्दाम. हॉटेलच्या खोल्यांना आगीपासून संरक्षणासाठी जाड, आपोआप मिटणारी दारं बसवलेली असतात. रात्री दोनला नाटक बघून आलेली मंडळी आपापल्या खोल्यांत शिरली की मजलाभर तोफांची सलामी होते. एकानं लिहिलं तर तो चिडका असेल. वेगवेगळ्या महिन्यांत चौघांनी लिहिलं, तर दारच तसं आहे.

मग नकाशा. आता मी हॉटेलचं पुढचं तोंड बघतच नाही, उपग्रहाच्या चित्रावरून त्याची पाठ बघते. मागे झाडं आहेत की दुसऱ्या हॉटेलच्या भटारखान्याचे पंखे? रस्त्यावरून फिरवून दाखवणारं चित्र उघडून कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. बसथांबा कुठे? पब कुठे, आणि त्याच्याबाहेर बाकडी आहेत का? पबचा त्रास रात्रीपेक्षा सकाळी जास्त, हे फार थोड्या जणांना ठाऊक असतं. रात्री अकरा-बारानंतर लोक पांगतात. पण सकाळी रिकाम्या बाटल्यांचा अख्खा डबा गाडीत ओतला जातो, तो आवाज ऐकल्याशिवाय काच म्हणजे काय ते कळत नाही. त्यात बिअरची पिंपं आली असतील तर ती फुटपाथवरून घरंगळत तळघरात जातात. जवळ मोठं रुग्णालय असेल तर रुग्णवाहिका आल्याच, आणि त्याबद्दल तक्रार करायला जीभही उचलत नाही.

खिडक्यांचं प्रकरण तर स्वतंत्रच आहे. लंडनमधली निम्मीशिम्मी मध्यम हॉटेलं म्हणजे दोनशे-दीडशे वर्षांपूर्वीची चार-पाच घरं आतून भिंती फोडून एक केलेली. त्यांच्या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, लाकडी, एका काचेच्या. यातल्या बऱ्याच इमारती वारसा म्हणून संरक्षित असतात, त्यामुळे जुन्या खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवायच्या म्हटलं तर परवानगीची भानगड. काही शहाणे मालक मूळ खिडकीला हात न लावता आतून दुसरं तावदान बसवून घेतात. ते बसवलंय का, एवढा एक प्रश्न हॉटेलला विचारला की समोरचा माणूस वचकतो. गिऱ्हाईक माहितगार आहे हे त्याला कळतं.

आता ठिकाण. लंडनमध्ये नेमकं कुठे राहावं यावर घरटी एक मत आहे. माझ्या मामेभावानं सांगितलं होतं, मध्यावर कशाला पैसे घालवतेस, झोन तीनमध्ये राहा. (गाडीभाड्यासाठी लंडनचे मध्यापासून बाहेर असे पट्टे पाडलेत, त्यातला हा तिसरा.) तो डॉलिस हिलकडे राहतो, महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूपासून जवळ, आणि तिथून गाडीनं वेस्टमिन्स्टरला यायला अर्धा-पाऊण तास. मंडळ १९३२ सालचं. गणपतीत तिथे गेलं की आपण ठाण्यात आहोत की इंग्लंडात असा प्रश्न पडतो. भाग शांत आहे, स्वस्तही आहे. पश्चिमेला याहून स्वस्त मिळतं, पण त्यातल्या काही भागांवरून हीथ्रोची विमानं उतरतात. पश्चिमेचा वारा असला की विमानं शहरावरून येतात, पहाटे पाचच्या आधीच पहिली विमानं उतरू लागतात, आणि दुपारी तीन वाजता उतरण्याची धावपट्टी बदलतात, म्हणजे त्रासाची वाटणी समसमान व्हावी. इंग्रजांचा न्याय!

एकदा मी शुक्रवार ते रविवार सिटीत, म्हणजे बँकांच्या पेठेत राहिले होते. ही युक्ती मला स्वतःलाच सुचली असं मी सगळ्यांना सांगते. तिथली हॉटेलं सोम ते गुरू सुटाबुटातल्या लोकांनी भरतात आणि शनिवार-रविवारी ओस पडतात, मग दर उतरतात. रस्ते इतके रिकामे की आपल्याच चपलांचा आवाज मागून येतो. फक्त खाण्याची दुकानंही बंद असतात. आणि रविवारी सकाळी सेंट पॉल्सच्या घंटा सुरू झाल्या. बारा घंटांचा संच, एकामागून एक उतरत जाणारे सूर, थांबायचं नाव नाही. घड्याळ बघितलं, उशी डोक्यावर घेतली, मग उशी काढून ऐकत पडले. तो आवाज होता हे मान्य, पण त्याची तक्रार नाही.

लंडनमध्ये आपली माणसं कुठे उतरली होती, हे शोधत फिरायची मला सवय लागली तीही पॅडिंग्टनच्या त्या पहिल्याच फेरीत. स्टेशनपासून कालवा ओलांडून दहा-पंधरा मिनिटं चाललं की हाउली प्लेस लागते. १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी: लोकमान्य टिळक १९१८-१९मध्ये इथे राहत होते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी आले होते, खटला हरले. दोन्ही बाजूंना झाडं, पलीकडे कालव्यातल्या नावा, आणि भर दुपारी पानांची सळसळ ऐकू येईल इतका निवांतपणा. स्टेशन जवळ, कोलाहल लांब. दुसरं घर प्रिमरोज हिलजवळ, १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२मध्ये डॉ. आंबेडकर इथे राहत होते. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. मग एक वेगळाच पेच पडला. या निवासी गल्लीत संग्रहालय चालवायला स्थानिक परवानगी नव्हती, आणि शेजाऱ्यांच्या ज्या तक्रारी गाजल्या त्यात येणाऱ्या माणसांच्या वर्दळीची आणि आवाजाची तक्रार होती. चौकशी झाली आणि अखेर २०२०मध्ये तिथल्या सरकारनं परवानगी दिली. मी गेले तेव्हा नागपूरहून आलेलं एक कुटुंब पायरीवर उभं राहून फोटो काढत होतं. आजोबांनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. बोलत होते ते सगळे कुजबुजत. गल्लीत आवाज होता तो फक्त माझ्या पिशवीच्या चेनचा.

तिसऱ्या खेपेला आईला घेऊन गेले. बाबा गेल्यानंतरचं दुसरं वर्ष. तिचं वय ७१, उजवा गुडघा नावाला, आणि परदेश म्हणजे नेपाळ. फेब्रुवारीत गेलो, कारण त्या दिवसांत हॉटेलांचे दर जरा जमिनीवर असतात आणि मला कामातून सुट्टीही तेव्हाच मिळत होती. थंडीचं आई म्हणाली, ‘अगं, मी महाबळेश्वरला नाही का राहिले?’

या वेळी ठिकाणाची कसोटी मी वेगळी लावली. स्टेशनपासून किती मिनिटं, हा प्रश्न बाद. आईला दुपारी जेवणानंतर घटकाभर आडवं व्हायला खोलीवर परत येता येईल का, हा प्रश्न. वामकुक्षीची कसोटी म्हणा. बहुतेक प्रवासी सकाळी नऊला बाहेर पडतात आणि रात्री नऊला पाय ओढत परततात, त्यांच्या दृष्टीनं हॉटेल म्हणजे बॅगांचं गोदाम. अशा लोकांनी झोन तीनमध्ये खुशाल राहावं. पण मध्ये परतायचं असेल तर मध्यावरच राहावं लागतं, आणि त्याचे जे जास्तीचे पैसे पडतात ते झोपेचे आहेत असं समजावं. लंडनमध्ये हे जमतं त्याचं कारण तिथली मोठी संग्रहालयं फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम १७५९मध्ये लोकांसाठी उघडलं तेव्हापासून तिथे प्रवेशाला पैसे नाहीत, अधूनमधूनचे थोडे अपवाद सोडले तर. तिकीट काढलेलं असलं की आपण ते वसूल करायला जातो. पाय मोडले तरी शेवटच्या दालनापर्यंत जातो. फुकट असलं की तासभर बघावं, निघावं, झोपावं, उद्या पुन्हा यावं. आईनं अमरावतीचे शिल्पपट असे तीन हप्त्यांत पाहिले. (आंध्रातली अमरावती. आई पहिल्या दिवशी आपल्या विदर्भातली समजून हरखली होती, मी खुलासा केल्यावर थोडी नाराज झाली.)

म्हणून ब्लूम्सबरी. म्युझियमपासून दहा मिनिटं, चौकोनी बागा, जुन्या घरांच्या रांगा, विद्यापीठाची पोरं. युस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी थाळी आणि भेळपुरी मिळते, हा तर बोनस. त्या बाजूला मात्र मी हॉटेल शोधलं नाही, कारण नव्या वेगवान रेल्वेसाठी युस्टनच्या आजूबाजूचं सगळं वर्षानुवर्षं खणून ठेवलेलं आहे. गॉवर स्ट्रीटवर हॉटेलं पुष्कळ, पण तो वाहता रस्ता. पुढची खोली मिळाली तर पुन्हा बस माझ्याशी बोलणार. शेवटी आडरस्त्यावरचं एक छोटं हॉटेल सापडलं, लिफ्टवालं. लिफ्ट खरंच आहे का आणि ती तळमजल्यापासून सुरू होते का, हे दोनदा विचारून घेतलं, कारण काही ठिकाणी लिफ्टपर्यंत पोहोचायलाच सात पायऱ्या असतात. स्टेशनचंही तसंच. रसेल स्क्वेअर सगळ्यात जवळचं, तिथे लिफ्ट आहे, तरी फलाटापर्यंत पायऱ्या सुटत नाहीत. आईसाठी आम्ही टॅक्सी केली आणि त्याचा हिशेब मी तिला आजतागायत सांगितलेला नाही.

हॉटेलला मी चार ओळींचं पत्र टाकलं होतं. माझ्यासोबत वयस्कर आई आहे. आम्हाला मागच्या बाजूची खोली हवी, वरच्या मजल्यांपैकी एकावर, लिफ्टला लागून नको. बाहेरचं दृश्य नसलं तरी चालेल. दुपारी एक ते तीन खोली साफ करायला कोणी येऊ नये. शेवटची ओळ महत्त्वाची, वामकुक्षीवाल्यांनी विसरू नये. उत्तर आलं, ‘अवश्य’. आणि खरोखरच चौथ्या मजल्यावरची मागची खोली मिळाली. खाली परसबागांची रांग, विटांच्या भिंतींनी वाटून घेतलेली, एका बागेत पत्र्याची शेड, दुसरीत उलटा ठेवलेला झोपाळ्याचा सांगाडा. पलीकडे म्यूजची पाठ. दार लावलं की कानात नुसती हवा.

मी जिंकले होते. रात्री साडेदहाला दिवा घालवला आणि त्या निःशब्दतेत कृतकृत्य होऊन पडले. पंधरा मिनिटांनी अंधारातून आवाज आला, ‘झोपलीस का गं?’

‘नाही. काय झालं?’

‘पंखा नाही का इथे?’

‘आई, बाहेर तीन डिग्री आहे.’

‘वाऱ्यासाठी नाही म्हणत. आवाज नाही गं काहीच. कसंतरी होतंय.’

चाळीस वर्षं ती रुळांच्या कडेला, डोक्यावरच्या कुरकुरत्या पंख्याखाली झोपलेली. घराजवळून शेवटची कर्जत लोकल गेली की तिचा दिवस संपतो. मी पडल्या पडल्या मोबाइलवर शोधलं, आणि मिळालं: छताच्या पंख्याचा आवाज, आठ तास. तीन महिने धडपडून मिळवलेल्या शांततेत मी फोन उशाशी ठेवून पंखा लावला. आई म्हणाली, ‘थोडा बारीक कर. दोनवर ठेव.’ आणि पाच मिनिटांत घोरू लागली.

चौथ्या रात्री पहाटे मला जाग आली ती किंकाळीनं. बाई ओरडावी तशी, पण मध्येच फाटलेली. पुन्हा एकदा. पुन्हा. पोटात गोळा आला. दिवा लावू की खाली फोन करू, या विचारात मी उठून बसले, तर आई पलंगावर नव्हती. खुर्ची खिडकीशी ओढून, शाल गुंडाळून, काचेला नाक लावून बसली होती.

‘घाबरू नकोस. खोकड आहे.’

‘काय आहे?’

‘खोकड गं. ये, बघ.’

भिंतीवर, पत्र्याच्या शेडजवळ, खालच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात ते उभं होतं. तांबूस अंग, शेपटीचं टोक पांढरं. मान वर करून ओरडलं, थांबलं, ऐकलं. पलीकडच्या बागेतून कोणीतरी उत्तर दिलं. लंडनमध्ये हे प्राणी घरोघरच्या बागांतून फिरतात आणि हिवाळ्यात त्यांच्या जोड्या जमतात तेव्हा असे ओरडतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ऐकलं नव्हतं.

‘म्हणजे कोल्हा,’ मी म्हटलं.

‘कोल्हा वेगळा. कोल्हेकुई अशी नसते. ते सगळे मिळून ओरडतात, एकानं सूर लावला की सगळे. आमच्या वाळव्याला उसाला तोड लागली की रोज रात्री. हे एकटं असतं.’ तिचं माहेर सांगलीकडचं, हे मी जवळजवळ विसरले होते. डोंबिवलीतली आईच मला माहीत. ‘आमचे आप्पा फडात मचाणावर झोपायला जायचे. मी हट्टानं जायची त्यांच्याबरोबर. खोकड आलं की आप्पा मला उठवायचे. हळूच. अशी पाठीला बोटं लावून.’

तिनं बोटं माझ्या पाठीला लावून दाखवली. खाली ते जनावर भिंतीवरून चालत शेवटपर्यंत गेलं, वळलं, परत आलं. फोनमधला पंखा दोनवर फिरत होता. तो आईनं स्वतःच उठून बंद केला.

सकाळी न्याहारीला जाताना ती म्हणाली, त्या मुलाला विचार, ते रोज येतं का. मी काउंटरवर विचारलं. मुलगा गोरामोरा झाला. फार फार दिलगीर आहोत, म्हणाला. मागच्या खोल्यांना हिवाळ्यात हा त्रास होतो. पुढच्या बाजूची एक खोली आजच रिकामी झालीय, मोठी आहे, समोर बाग आहे, जास्तीचे पैसे नकोत, दुपारपर्यंत सामान हलवून देतो.

आईला मी सगळं सांगितलं. बाग, मोठी खोली, फुकट.

‘नको म्हणावं,’ आई म्हणाली, आणि टोस्टची बशी उचलून खिडकीजवळच्या टेबलाकडे निघाली.